दोन प्लास्टिकांना टाका घालायचा तर: ब्लॉक कोपॉलिमरची पहिली शिकवणी

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेतून काय काय प्लास्टिक निघतं ते एकदा बांधावर उभं राहून बघा. ठिबकच्या जुन्या काळ्या नळ्या, म्हणजे लॅटरल, त्या पॉलिइथिलीनच्या. घडांवर चढवलेल्या स्कर्टिंग बॅगा पॉलिप्रॉपिलीनच्या. नळ्यांचे जॉइनर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचेच. हे सगळं ज्या गोणीत कोंबून भंगारात जातं ती गोणीही पॉलिप्रॉपिलीनची. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यांची कातरण निघते, ती वेगळीच. मग कुणीतरी विचार करतो की एवढं सगळं एकत्र दळून दाणा काढला तर काय बिघडलं?

मीही एकदा तो विचार केला होता. दाणा निघाला, दिसायला छान काळाभोर. त्या दाण्याची पट्टी ओढली आणि मशीनवरच्या ऑपरेटरने ती दोन बोटांत धरून वाकवली. करकर आवाज झाला आणि पट्टीचे पापुद्रे सुटले. त्याने नखाने एक सोलून माझ्या हातात ठेवला. "भाऊ, हा तर कांदा झालाय."

या कांद्याचं पुन्हा प्लास्टिक कसं करायचं, ते या लेखात सांगतो. मी मानून चालतो की तुम्हाला एक्स्ट्रुडर, हॉपर, डाय हे शब्द माहीत आहेत, पण पॉलिमरचं रसायन कधी शिकलेलं नाही. शिकलेलं असेल तर पहिला भाग वाचायची गरज नाही.

आधी हे समजून घ्या: दोघं एकजीव का होत नाहीत

पाणी आणि तेल मिसळत नाहीत हे कळतं, कारण दोघांचा स्वभावच वेगळा. पण पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन? दोन्ही नुसते कार्बन आणि हायड्रोजन. दोन्ही तेलाच्याच जातीचे. तरी वितळवून ढवळले की शेवभाजीच्या तर्रीसारखे वेगळे होतात. पळीने हलवलं तोवर थेंब बारीक, हात थांबला की थेंब थेंबाला जाऊन मिळतो.

कारण साखळीच्या लांबीत आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत एकेकटी माणसं कुठूनही येतात आणि गर्दीत मिसळून जातात, त्यांना कुणी ढकलावं लागत नाही. आता हजार-हजार माणसांनी हात धरून लांबच लांब साखळ्या केल्या, अर्ध्या साखळ्या एका गावच्या, अर्ध्या दुसऱ्या गावच्या. आता प्रत्येक माणूस आपल्या शेजाऱ्याला बांधलेला आहे. विखुरण्याची जी मोकळीक मिसळण्याला बळ देते, तीच इथे जवळजवळ संपली. मग दोन गावांमध्ये तीळभर नावड असली तरी ती पुरते, आणि साखळ्या आपापल्या गावाशेजारी गोळा होतात. पॉल फ्लोरी यांनी हा हिशेब गणितात मांडला. त्यांना १९७४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते पॉलिमरवरच्या अशाच पायाभूत कामासाठी.

अपवाद आहेत. पॉलिस्टायरीन आणि पीपीओ (पॉलिफिनिलीन ऑक्साइड) खरोखर एकमेकांत विरघळतात. पण भंगारात येणाऱ्या जोड्यांपैकी जवळजवळ कुठलीच तशी नसते.

तेव्हा पहिल्याच दिवशी एक गोष्ट मनातून काढून टाका: आपण दोन प्लास्टिकांचं एक प्लास्टिक करणार नाही आहोत. थेंब राहणारच. आपल्याला थेंब बारीक करायचे आहेत, ते पुन्हा मोठे होऊ द्यायचे नाहीत, आणि थेंबाची कड भोवतालच्या प्लास्टिकला शिवून टाकायची आहे. सगळं काम त्या कडेवर आहे. आमच्याकडे गोधडी शिवतात तसं: लुगड्याचा आणि धोतराचा तुकडा एक होत नाहीत, शिवण धरून ठेवते.

ब्लॉक कोपॉलिमर हा तो टाका. एकाच साखळीचा एक भाग एका जातीचा आणि पुढचा भाग दुसऱ्या जातीचा. साध्या रँडम कोपॉलिमरमध्ये दोन्ही मणी सरमिसळ ओवलेले असतात. ब्लॉकमध्ये आधी सगळे पांढरे, मग सगळे काळे. पांढरा भाग पांढऱ्या प्लास्टिकात घुसतो, काळा काळ्यात, आणि मधला सांधा बरोबर सीमेवर बसतो. त्याला सीमेवर नेऊन बसवावं लागत नाही, दुसरीकडे कुठे त्याला करमतच नाही.

पायरी १: हातात काय आहे ते ओळखा

पाण्याचा हौद ही पहिली चाळणी. पीपीची (पॉलिप्रॉपिलीनला यापुढे पीपी म्हणू) घनता ०.९० ते ०.९१, पॉलिइथिलीनची ०.९२ ते ०.९६ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर, म्हणून दोन्ही तरंगतात. पॉलिस्टायरीन १.०५ च्या आसपास, नायलॉन १.१३, पीव्हीसी आणि पेट १.३५ च्या वर, ही सगळी बुडतात. तरंगणाऱ्या दोघांना पाणी वेगळं करू शकत नाही, म्हणूनच आपली गरज निर्माण होते.

चिमट्यात धरून जाळून बघण्याची जुनी रीत आहे. पॉलिइथिलीन आणि पीपी मेणबत्तीसारखा वास देतात, पॉलिस्टायरीन काजळीचे तंतू सोडतं, नायलॉनचा वास जळक्या केसांसारखा. तांब्याची तार तापवून प्लास्टिकला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी समजा. हे उघड्यावर करा, नाक लांब ठेवा.

पीव्हीसी सापडलं तर तो माल बाजूला. जळगाव-धुळ्याकडे पाइपांमुळे पीव्हीसीचे तुकडे कुठेही येऊन पडलेले असतात. ज्या तापमानावर आपण पीपी चालवतो त्यावर पीव्हीसी हायड्रोजन क्लोराइड सोडायला लागतं आणि बॅरल, स्क्रू खातं. कुठलाही कोपॉलिमर ही चूक दुरुस्त करत नाही.

लॅटरल धुताना आणखी एक. बोअरच्या जड पाण्यामुळे नळीच्या आत क्षाराचा थर बसलेला असतो आणि बाहेर काळी माती. उभी चिरल्याशिवाय आतला थर निघत नाही. मी सुरुवातीला नळ्या तशाच दळल्या आणि नमुना कमजोर आला म्हणून कोपॉलिमरला दोष दिला. नंतर एक तुकडा जाळून राख तोलली तेव्हा कळलं की मी प्लास्टिकसोबत बरीचशी चुनखडी विकत घेतली होती.

पायरी २: दोघांचा पातळपणा मोजा

ही पायरी नवखे लोक सोडून देतात, आणि माझ्या मते निम्मे प्रयोग इथेच हरतात.

वितळलेल्या प्लास्टिकात थेंब का फुटतो? भोवतालचा प्रवाह त्याला ओढून लांब करतो आणि पृष्ठताण त्याला पुन्हा गोल करतो. ओढ जिंकली की थेंब तुटतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९३० च्या दशकात साध्या द्रवांवर हे प्रयोग केले, आणि आजही एक्स्ट्रुडरसमोर तोच हिशेब चालतो. त्यातली कामाची गोष्ट ही: थेंबाचा द्रव भोवतालच्या द्रवाच्या चौपटीहून घट्ट असेल तर नुसत्या कातरण्याने तो फुटत नाही, जागच्या जागी गरगर फिरतो. दाट पिठात पडलेली गुठळी आठवा. दोघांचा घट्टपणा साधारण सारखा, किंवा थेंब थोडा पातळ, अशी जोडी सगळ्यात सोपी.

घट्टपणा कळण्यासाठी आपल्याकडे एमएफआय, म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्स असतो: आकडा जितका मोठा, तितकं वितळलेलं प्लास्टिक पातळ. पण सापळा बघा: पीपीचा एमएफआय २३० अंशांवर मोजतात, पॉलिइथिलीनचा १९० वर, वजन दोन्हींना २.१६ किलो. दोन पत्रकांवरचे आकडे शेजारी ठेवून तुलना केली तर ती चुकीचीच येणार. दोन्ही एकाच तापमानावर, तुम्ही ज्या तापमानाला मशीन चालवणार त्यावर, मोजून घ्या.

आता आपली केळीची बाग घ्या. स्कर्टिंग बॅगेचं कापड बारीक तंतूंचं असतं, म्हणून त्याचं पीपी फार पातळ वाहणारं निवडलेलं असतं. अशा ग्रेडचा एमएफआय ३५ च्या आसपास असतो. उन्हात राहिलेल्या पीपीच्या साखळ्या तुटतात, त्यामुळे जुन्या बॅगेचा आणखीच वाढतो. लॅटरलचं पॉलिइथिलीन त्यामानाने चांगलंच घट्ट. ही जोडी एकत्र केली की पातळ पीपी पाण्यासारखं पसरून घट्ट पॉलिइथिलीनला वेढायला बघतं, प्रमाण ३० टक्के असलं तरी. तुम्हाला वाटतं पीपी थेंबात आहे, प्रत्यक्षात दोन्ही स्पंजसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. माझा पहिला कांदा तसाच झाला होता.

चटईच्या धाग्याचं किंवा गोणीच्या पट्टीचं पीपी घट्ट असतं, एमएफआय ३ च्या आसपास. लॅटरलशी त्याची जोडी कितीतरी बरी जमते. म्हणून पहिला प्रयोग बॅगेवर करू नका, चटईच्या कातरणीवर करा.

पायरी ३: टाका निवडा

दुकानात या टाक्याला कंपॅटिबिलायझर म्हणतात. "कंपॅटिबिलायझर द्या" म्हणून मागाल तर काहीतरी नक्की मिळेल. पण कुठल्या जोडीला कुठला, हे आपणच ठरवायचं.

पॉलिस्टायरीन आणि पॉलिइथिलीन किंवा पीपी अशी जोडी असेल तर एसईबीएस. स्टायरीनचे दोन ब्लॉक टोकांना, मध्ये इथिलीन-ब्युटिलीनचा रबरी भाग. टोकं पॉलिस्टायरीनमध्ये जातात, मधला भाग पॉलिऑलिफिनकडे, म्हणजे पॉलिइथिलीन किंवा पीपीकडे. त्याचाच स्वस्त भाऊ एसबीएस, चपलांच्या सोलमध्ये आणि रस्त्याच्या डांबरात जातो तो. त्याच्या मधल्या भागात दुहेरी बंध शिल्लक असतात, ते उष्णतेने आणि उन्हाने खराब होतात. खान्देशच्या उन्हात बाहेर राहणाऱ्या मालासाठी मी एसबीएस घेणार नाही.

पॉलिइथिलीन आणि पीपीसाठी ऑलिफिन ब्लॉक कोपॉलिमर. हे तुलनेने नवे आहेत. इथिलीनचे कडक आणि मऊ ब्लॉक एकाआड एक असलेले पॉलिमर २००६ च्या सुमारास बाजारात आले. पॉलिइथिलीन-पीपीच्या जोडीसाठी मात्र ज्याच्यात एक भाग पीपीसारखा स्फटिक होणारा आहे असा ग्रेड लागतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की पॉलिइथिलीन आणि पीपीचे चार ब्लॉक एकाआड एक जोडलेली साखळी अवघा १ टक्का घातली तरी ठिसूळ मिश्रण ताणलं जाणारं होतं. चार ब्लॉकची साखळी सीमेवरून इकडून तिकडे आणि पुन्हा इकडे जाते, गोधडीच्या दोऱ्यासारखी, म्हणून ती उपसून निघत नाही. तो पॉलिमर प्रयोगशाळेतला होता. आपल्याला बाजारातल्यावर भागवायचं आहे आणि १ टक्क्यात जादू होईल अशी आशा धरायची नाही.

नायलॉन आणि पॉलिइथिलीन (बहुपदरी पाउचची फिल्म) असेल तर तयार ब्लॉक कोपॉलिमर शोधायची गरजच नाही. मॅलेइक अॅनहायड्राइड चिकटवलेलं पॉलिइथिलीन, पीपी किंवा एसईबीएस घ्यायचं. नायलॉनच्या साखळीच्या टोकाला अमाइन असतं, ते बॅरलमध्येच अॅनहायड्राइडशी जोडलं जातं आणि टाका जागेवर तयार होतो. सगळ्यात भरवशाचा मार्ग हाच. अट एकच: नायलॉन कोरडं हवं. पावसाळ्यात दोन दिवस उघडी राहिलेली गोणी सरळ हॉपरमध्ये ओतलीत तर दाण्यात फुगे येतील आणि नायलॉनच्या साखळ्याही तुटतील. ८० अंशांवर काही तास ड्रायरमध्ये ठेवून मगच वापरा.

आता एक फसगत सांगतो, कारण तिच्यात मीही पडलो. बाजारात "पीपी ब्लॉक कोपॉलिमर" किंवा पीपीसीपी नावाने जे मिळतं, खुर्च्या-बादल्यांसाठी, त्याला ब्लॉक म्हणतात खरं, पण ते मुख्यतः पीपीमध्ये इथिलीन-प्रॉपिलीन रबराचे थेंब असलेलं मिश्रण आहे. रिअॅक्टरमध्येच तयार झालेलं, एवढाच फरक. खरी ब्लॉक साखळी त्यात थोडी. त्याने धक्का सोसण्याची ताकद थोडी वाढते, शिवण मात्र पक्की होत नाही. मी दोन गोण्या घेऊन आलो होतो. विकणाऱ्याने खोटं काही सांगितलं नव्हतं, शब्दच तसा आहे.

टाक्याची खोली हाही मुद्दा आहे. ब्लॉक आखूड असेल तर तो त्या प्लास्टिकाच्या साखळ्यांत गुंतत नाही, ओढलं की निसटतो. किती लांब म्हणजे पुरे, हे त्या प्लास्टिकावर ठरतं. पॉलिइथिलीनच्या साखळ्या सुमारे हजारभर रेणुभाराला एकदा गुंततात, पीपीच्या पाच-सात हजारांना, पॉलिस्टायरीनच्या मात्र १८,००० च्या आसपास. म्हणून ज्या एसईबीएसमध्ये स्टायरीनचा ब्लॉक लहान आहे तो पॉलिस्टायरीनकडच्या बाजूने वरवरच टोचलेला राहतो. मग सगळ्यात लांब साखळी घ्यावी का? तर तीही नाही, कारण लांब साखळी सीमेपर्यंत सरकायला वेळ घेते आणि बॅरलमध्ये आपला माल एखाद-दोन मिनिटंच असतो. मधल्या रेणुभाराचा ग्रेड घेऊन सुरुवात करा.

पायरी ४: किती घालायचं, याचा कागदावरचा हिशेब

"पाच टक्के टाका" असं सगळे सांगतात. का, ते एकदा हाताने काढून बघा.

समजा मिश्रणात ३० टक्के पीपी आहे आणि त्याचे थेंब १ मायक्रॉन व्यासाचे, म्हणजे अर्धा मायक्रॉन त्रिज्येचे झाले. थेंबांची एकूण कड काढायची रीत सोपी: ३ गुणिले प्रमाण, भागिले त्रिज्या. ३ × ०.३ ÷ ०.५ मायक्रॉन. उत्तर येतं दर घनसेंटीमीटरला १.८ चौरस मीटर. लुडोच्या फाशाएवढ्या तुकड्यात ३ बाय ६ फुटी चटईपेक्षा थोडी जास्त कड भरलेली आहे. मी हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा दोनदा तपासला.

आता टाके. दर १० चौरस नॅनोमीटरला एक साखळी बसली तर शिवण बऱ्यापैकी दाट म्हणायची. १.८ चौरस मीटर म्हणजे १.८ × १०^१८ चौरस नॅनोमीटर, तेव्हा साखळ्या लागल्या १.८ × १०^१७. एका साखळीचा रेणुभार ८०,००० धरला, अॅव्होगॅड्रोच्या ६.०२ × १०^२३ ने भागलं, तर वजन येतं ०.०२४ ग्रॅम. म्हणजे मिश्रणाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास.

पण घातलेली प्रत्येक साखळी सीमेवर पोचत नाही. काही आपसातच गोळे करून बसतात, साबण जास्त झाला की पाण्यात करतो तसे. म्हणून अडीचाचे चार-पाच होतात. पाच टक्क्यांचा सल्ला बहुतेक असाच आलेला आहे.

हिशेबातली खरी गंमत पुढे आहे. थेंब १ ऐवजी १० मायक्रॉनचे राहिले तर कड दहापट कमी होते आणि कोपॉलिमर पाव टक्काच मावतो. बाकीचा कुठे जाणार? कुठेतरी गोळे करून पडून राहणार आणि सगळा माल रबरासारखा मऊ करणार. मिसळणं कच्चं असताना कोपॉलिमर वाढवणं म्हणजे बसायला पाट न मांडता पंगतीला माणसं बोलावणं. माझ्या एका चाचणीत मी १० टक्के एसईबीएस घातला होता. पापुद्रे गेले नाहीत आणि पट्टी मात्र लोंबायला लागली. किलोमागे दाण्याच्या कितीतरी पट भाव असलेला माल मी त्यात वाया घालवला.

पायरी ५: मिसळणं

शक्य असेल तर एकाच दिशेने फिरणारा ट्विन-स्क्रू वापरा, ज्यात मळणारे ब्लॉक (हे स्क्रूवरचे धातूचे तुकडे, साखळीतले ब्लॉक नव्हेत) लावता येतात. आपल्याकडे बहुतेकांजवळ सिंगल स्क्रू असतो. त्यानेही जमतं, पण पुढच्या टोकाला मिक्सिंगचा भाग असलेला स्क्रू हवा, नुसत्या साध्या स्क्रूवर वेळ घालवू नका.

पहिली चाचणी ५ किलोची करा. साडेतीन किलो पॉलिइथिलीन, दीड किलो पीपी, आणि त्यावर कोपॉलिमर शून्य, ५०, १५० आणि २५० ग्रॅम अशा चार घाण्या. शून्याची घाणी टाळू नका. तिच्याशिवाय बाकी तिन्ही कशाच्या तुलनेत चांगल्या, हे कधीच कळत नाही.

कोपॉलिमर भुकटीत किंवा हलक्या चुऱ्यात मिळाला तर तो दाण्यांमधून खाली घसरतो आणि हॉपरच्या तळाशी जमतो. पहिल्या दहा मिनिटांत सगळा निघून जातो, शेवटच्या दाण्यात काहीच नाही. उपाय साधा आहे: दाण्यावर आधी लिक्विड पॅराफिनचे चार थेंब चोळा, मग भुकटी टाकून पिशवीत हलवा. ती दाण्याला तिळासारखी चिकटते.

थोडा जास्त वेळ असेल तर कोपॉलिमर आधी थेंब होणाऱ्या प्लास्टिकात, म्हणजे इथे पीपीत, मिसळून त्याचा दाणा काढून घ्या आणि तो मग पॉलिइथिलीनमध्ये घाला. कोपॉलिमर सीमेच्या जवळच सुटतो. पण पीपीला एक उष्ण फेरा जास्त बसतो हे लक्षात ठेवा. थोडं अँटिऑक्सिडंट घाला.

तापमान १९० ते २१०. पॉलिइथिलीन १३० च्या आत वितळतं, पीपीला १६५ लागतात. पहिला झोन थंड ठेवला तर पॉलिइथिलीन वितळून वाहायला लागतं आणि पीपीचे दाणे त्यात अख्खे तरंगत पुढे जातात. थेंब बारीक होण्याचं बहुतेक काम दाणा मऊ होऊन वितळत असतानाच, बॅरलच्या सुरुवातीच्या भागात उरकतं. तिथे चुकलं तर पुढची लांबी फारशी मदत करत नाही. दुसरीकडे, तापमान वाढवून काम सोपं करू बघाल तर पीपीच्या साखळ्या तुटतात आणि ते आणखी पातळ होतं.

मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या आसपास जातो आणि थंड करायच्या टाकीतलं पाणी दुपारी कोमट झालेलं असतं. दोर नीट गोठत नाही, कटरमध्ये गुंततो. त्या दिवसांत आम्ही पहाटे पाचला मशीन लावतो. याचा पॉलिमर विज्ञानाशी फार संबंध नाही, पण सकाळचा आणि दुपारचा नमुना सारखा येत नाही तेव्हा आधी पाण्यात हात घालून बघा.

पायरी ६: जमलं की नाही, हे कसं ओळखायचं

दाण्यावर विश्वास ठेवू नका. दाणा चारही घाण्यांचा सारखाच दिसतो.

पट्टी काढा आणि वाकवा. शून्याच्या पट्टीत पापुद्रे, इतरांत नसावेत. मग अशी जागा निवडा जिथे पट्टीला ब्लेडने छोटी खाच देता येईल, आणि खाचेपाशी ओढा. शिवण कच्ची असेल तर तडा सीमेसीमेने धावतो आणि तुटलेलं टोक गुळगुळीत, खड्डे-खड्डे असलेलं दिसतं. शिवण पक्की असेल तर टोकाला तंतू ओढले जातात, तोडताना हाताला कष्ट पडतात. भिंगातून बघा. लॅटरलचं प्लास्टिक कार्बन ब्लॅकमुळे काळं असतं, तेव्हा ओढल्यावर पांढरं पडण्याची खूण त्यात दिसत नाही. तंतूच बघावे लागतात.

त्यानंतर ती चाचणी जिच्यात खरं-खोटं होतं. प्रत्येक घाणीचा एकेक तुकडा दोन तापलेल्या पत्र्यांमध्ये २०० अंशांवर १५ मिनिटं नुसता दाबून ठेवा. ढवळणं नाही, काही नाही. शून्याच्या नमुन्यात थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात. ज्यात कोपॉलिमर सीमेवर बसलाय त्यात थेंबांना जणू कुंपण असतं, ते एकमेकांच्या जवळ येतात पण मिळत नाहीत. ही चाचणी एवढ्यासाठी की तुमचा दाणा घेणारा तो पुन्हा वितळवणारच आहे. तुमच्याकडे चांगला निघालेला दाणा त्याच्या मोल्डिंग मशीनवर कांदा झाला, तर फोन तुम्हालाच येणार.

थेंब बघायचे तर नमुना ठिसूळ करून तोडावा लागतो, म्हणजे प्लास्टिक ताणलं न जाता आतली रचना उघडी पडते. त्याला द्रव नायट्रोजन लागतो, उणे १९६ अंश. तो कुठून आणायचा म्हणून घाबरू नका. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यांत नायट्रोजनची टाकी असते, आणि ती भरून देणारा माणूस तालुक्याला ये-जा करतो. आमचा पहिला लिटरभर नायट्रोजन त्याच्याकडूनच आला, थर्मासमध्ये, झाकण घट्ट न लावता. झाकण घट्ट लावाल तर थर्मास फुटेल, हे गंमत म्हणून सांगत नाही. हातमोजे घाला, खोलीची खिडकी उघडी ठेवा.

तोडलेला नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मिळाला तर उत्तम. साध्या सूक्ष्मदर्शकात १ मायक्रॉनच्या खालचं नीट कळत नाही. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सिपेट या प्लास्टिक तंत्रज्ञानाच्या सरकारी संस्थेच्या केंद्रात चौकशी करा. ताणाची आणि धक्क्याची चाचणीही तिथेच विचारा. जाताना चारही घाण्यांचे नमुने घेऊन जा, फक्त चांगला आलेला नको. आणि ताणाच्या आलेखात नुसती ताकद बघू नका. कोपॉलिमर घातल्यावर ताकद फारशी वाढत नाही, कधी किंचित घटतेसुद्धा. वाढायला हवी ती तुटण्याआधीची लांबी. नवखा माणूस पहिला रकाना बघून निराश होतो, उत्तर दुसऱ्या रकान्यात असतं.

डीएससी, म्हणजे नमुना तापवत नेऊन तो कुठे वितळतो हे आलेखात दाखवणारी चाचणी, कुणी करून दिली तर त्यात १३० च्या खाली आणि १६५ जवळ अशी दोन वेगळी शिखरं दिसतील, कोपॉलिमर घातल्यावरही. "अजून दोनच दिसतात, म्हणजे जमलं नाही" असं म्हणून एकाने मला नमुना परत आणून दिला होता. दोन दिसणारच. वितळणं विचारलं तर दोन, तोडून बघितलं तर एक, असंच हे मिश्रण असतं.

शेवटचं: नमुने जपून ठेवा

प्रत्येक घाणीच्या पिशवीत चिठ्ठी टाका: तारीख, भंगार कुठल्या गावचं, दोन्हींचा एमएफआय, झोनची तापमानं, स्क्रूचा वेग, कोपॉलिमरचा ग्रेड आणि लॉट. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई इथल्या उन्हात उडते.

माझ्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारेला सध्या बारा पट्ट्या टांगलेल्या आहेत. तीन एसबीएसच्या, पाच एसईबीएसच्या, चार ऑलिफिन ब्लॉकच्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी प्रत्येकीचा बोटभर तुकडा कापून वाकवतो. एसबीएसच्या तिन्ही एप्रिलमध्येच कडक झाल्या होत्या. बाकी नऊ अजून वाकतात.